डायोक्लेशियनची शाल

खासनीसांच्या घरात डायोक्लेशियन शिरला तो मे महिन्यात, केळ्यांच्या चार खोक्यांतून. खालच्या मजल्यावरचा इंग्रज इंजिनिअर नोकरी गेल्यावर आठ दिवसांत दुबईतलं देरा सोडून निघाला आणि त्याची सगळी पुस्तकं राजननं शंभर दिरहमला, म्हणजे बाराशे साठ रुपयांना, उचलली. राजनच्या बायकोचा, शोभनाचा, डोळा त्या इंग्रजाच्या ओव्हनवर होता. ओव्हन तिसऱ्या मजल्यावरच्या रशीदानं नेला आणि हिच्या वाट्याला आले रोमचे बादशहा, तेही पडत्या काळातले.

पडत्या काळातले म्हणूनच ते राजनला भावले असावेत. ज्या टॉवरांना खासनीस ब्रदर्सनी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवायच्या होत्या, ते टॉवर कुठे सातव्या, कुठे अकराव्या मजल्यावर येऊन थांबले होते. वर क्रेन, खाली वॉचमन, मध्ये कुणी नाही. तेव्हा दुपारी ऑफिसात वाचन आणि संध्याकाळी घरी प्रवचन, असा नेम सुरू झाला.

"हा डायोक्लेशियन म्हणजे काय माणूस होता," राजन आमटी भुरकत सांगायचा. "एवढं मोठं साम्राज्य एकट्याला झेपत नाही, हे सरळ कबूल केलं. चौघांत वाटलं. पूर्वेला एक मोठा, पश्चिमेला एक मोठा, दोघांच्या हाताखाली एकेक धाकटा. आणि धाकटा पोटचा नाही हं. कर्तबगारी बघून निवडलेला."

"पोटच्यांनी काय करायचं?"

"त्यांनी बघायचं."

"मग भांडणं झाली असतील."

"वीस वर्षं राज्य केलं त्यानं," राजन म्हणाला. प्रश्नाला हे उत्तर नव्हे, हे शोभनाच्या लक्षात आलं. "आणि वीस वर्षांनी आपण होऊन खाली उतरला. दोघं मोठे एकाच दिवशी. हा आपल्या मुलखात गेला, समुद्राकाठी राहिला, कोबी लावला. परत चला म्हणून माणसं आली, तर म्हणाला, माझे कोबी एकदा बघा, पुन्हा असं विचारणार नाही."

त्या दिवसापासून शोभना त्याला कोबीवाला म्हणू लागली. "काय म्हणतोय तुमचा कोबीवाला?" असं तिनं विचारलं की राजन खुलायचा. हळूहळू घरातल्या सगळ्याच गोष्टींना रोमची नावं पडली. देराचं ऑफिस म्हणजे पूर्व. धाकटा भाऊ उपेंद्र सांभाळायचा ते अबुधाबीचं ऑफिस म्हणजे पश्चिम. आणि पुण्याचा कोथरूडचा फ्लॅट म्हणजे खुद्द रोम. "त्या काळात रोममध्ये बादशहा राहतच नसत," राजननं खुलासा केला. "नुसतं नाव रोमचं. सगळे सरहद्दीवर." कोथरूडच्या फ्लॅटला चार वर्षं कुलूप होतं, हे खरंच.

इथवर ठीक होतं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शोभनानं धूळ झटकायला पुस्तक उचललं आणि त्यातून एक कागद पडला. राजनचं ठसठशीत अक्षर. एक जानेवारीला आपण आणि उपेंद्र, दोघांनी उतरायचं. देरा: अनन्या. अबुधाबी: युसुफ. अनन्या म्हणजे उपेंद्रची मुलगी, सिव्हिल इंजिनिअर, फेब्रुवारीत नोकरी जाऊन घरी बसलेली. युसुफ म्हणजे कोळिकोडचा मॅनेजर, बावीस वर्षं उपेंद्रच्या हाताखालचा. तन्मयचं नाव कुठेच नव्हतं. तिनं कागद उलटूनही बघितला.

तन्मय तिचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा, त्यातली सहा देराच्या ऑफिसात घालवलेला. रोज सकाळी बापाला गाडीत घालून न्यायचा, संध्याकाळी आणायचा, ज्यांची बिलं थकली त्यांच्याशी गोड बोलायचा, ज्यांची कामं रखडली त्यांच्या शिव्या खायचा. आता त्याला वगळून पुतणीला गादी. शोभनानं कागद होता तिथे ठेवला. नवऱ्याला एका शब्दानं विचारलं नाही. बादशहाशी कोणी भांडत नाही, त्याचे सरदार फोडतात, इतकं रोमचं राजकारण तिलाही आता कळत होतं.

तिच्या डोक्यात एक वही होती. कोण कुणाशेजारी बसलं, कुणी आधी फोन केला, कोण कुणाच्या विनोदाला हसेनासं झालं, सगळं त्यात टिपलेलं असे. उपेंद्र म्हणायचा, वहिनींना इमिग्रेशनच्या काउंटरवर बसवा, पासपोर्ट न उघडता सांगतील. त्या वहीत उर्मिलेच्या पानावर, म्हणजे तिच्या जावेच्या, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: अनन्याचं लग्न. उपेंद्रच्या पानावर: चोपन्न वर्षं, उतरायची इच्छा नाही. तन्मयच्या पानावर सप्टेंबरपासून एक नवी नोंद होती. दर शुक्रवारी नव्या मेट्रोत बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, तसाच परत येतो. मुलगी असणार, असं तिनं पुढे लिहून ठेवलं होतं.

तिनं उर्मिलेला फोन केला. माझ्या मावसबहिणीचा, मृणालिनीचा मुलगा मस्कतला आहे, स्थळ मी स्वतः घालते, पण अनन्या देराला अडकली की कसलं लग्न नि कसलं काय. मग उपेंद्रला. भाऊजी, तुम्ही उतरायचं म्हणजे फारच झालं, मी तुमच्या बाजूनं आहे. दोन्ही फोन मिळून वीस मिनिटं.

*

ईदच्या शुक्रवारी सगळे अबुधाबीच्या खलिफा सिटीत उपेंद्रच्या व्हिलावर जमले. रस्ते रिकामे होते, नमाजाहून परतणारी पांढरीशुभ्र माणसं तेवढी दिसत होती. गाडीत राजन पुढे बसला होता आणि त्याच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत नारळ आणि शाल. पन्नाशीला मंडळानं सत्कार केला तेव्हाची, जांभळी, जरीच्या काठांची. बादशहांचा झगाही जांभळाच असायचा म्हणे. डायोक्लेशियननं उतरताना आपल्या अंगावरचा काढून नव्याच्या खांद्यावर घातला होता.

"श्रीफळ दिलं होतं का त्यानं?" शोभनानं मागून विचारलं.

"ते मी वाढवलंय," राजन गंभीरपणे म्हणाला. तन्मय आरशातून आईकडे बघून हसला नाही. एरवी हसला असता.

उर्मिलेनं श्रीखंड केलं होतं, लबनेचं, म्हणजे इथल्या आयत्या घट्ट दह्याचं. चक्का टांगायची कटकट नाही म्हणून आखातातल्या निम्म्या मराठी बायका तसंच करतात आणि लबनेत किंचित मीठ असतं हे निम्म्याच विसरतात. शोभनानं बोट चाटलं. खारट. "छान झालंय गं," ती म्हणाली. आजच्या दिवशी उर्मिलेशी श्रीखंडावरून बिघडवणं परवडणारं नव्हतं.

"वहिनी, मी बोलेन बरं का," उर्मिला हळूच म्हणाली. "हे पण बोलणार आहेत. पण मस्कतचं नक्की ना?"

"मृणालिनी माझ्या शब्दाबाहेर नाही."

शेजारच्या झुबेदानं ईदची बिर्याणी पाठवली होती, ती ओट्यावर दरवळत होती. अनन्या ताटं मांडत होती. तिनं दोघींकडे एकदा बघितलं, ताटं मोजल्यासारखं केलं आणि बाहेर गेली.

जेवणाआधी राजन हॉलमध्ये उभा राहिला. टीव्हीचा आवाज बंद केला होता. पडद्यावर बुधवारपासून तीच ती, दुबईनं कर्ज फेडायला मुदत मागितल्याची बातमी आणि खाली पळणारे लाल आकडे. "पंचवीस वर्षं झाली," राजननं सुरुवात केली. "चौऱ्याऐंशी साली देराला एका खोलीत आम्ही आठ जण राहायचो, तेव्हापासून. आता काळ बदललाय. जुन्यांनी वेळेवर उतरावं आणि लायक माणसाच्या हाती द्यावं."

सगळ्यांच्या नजरा तन्मयकडे गेल्या. अगदी रीतसर. तोच उंच, तोच थोरल्याचा मुलगा, त्याच्याच अंगावर आज इस्त्रीचा शर्ट. राजन मात्र शाल घेऊन दोन पावलं डावीकडे वळला, अनन्या उभी होती तिकडे.

"दादा, एक मिनिट," उपेंद्र म्हणाला.

राजन थांबला.

"मला उतरायचं नाही. तू उतर, तुझा मान आहे. माझ्याकडे दोन शाळांचं काम अर्धवट आहे, सरकारी आहे. मी कुठे जाऊ?"

"पश्चिमेचा मॅक्सिमियनसुद्धा कुरकुरला होता," राजन म्हणाला. "शेवटी उतरला."

"त्याला काम नसेल."

"आणि दादा, अनन्याला देराला नका बसवू," उर्मिलेनं धागा उचलला. "दीड तास जायचं, दीड तास यायचं, आणि दिवसभर त्या कॉन्ट्रॅक्टर लोकांशी हुज्जत. मुलीच्या जातीला—"

"मम्मी, आय वॉज अ साइट इंजिनिअर," अनन्या म्हणाली.

"होतीस."

"मग देरा कुणी बघायचं?" राजननं विचारलं आणि सवयीनं बायकोकडे बघितलं.

शोभनानं हे वाक्य गाडीत, रस्ताभर, मनात म्हणून ठेवलं होतं. "सहा वर्षं ज्यानं बघितलं, त्यानं," ती म्हणाली. "त्यात शोधायचं काय?"

राजन विरोध करील अशी तिची अपेक्षा होती. पुढची चार उत्तरंही तयार होती. त्यांची गरजच पडली नाही. "सगळ्यांचंच तसं म्हणणं असेल तर," राजन म्हणाला, आणि इतक्या चटकन म्हणाला की शेवटचा शब्द तोंडात असतानाच शाल तन्मयच्या खांद्यावर पडली. राजनचे डोळे भरून आले होते. नारळ देताना त्याचा हात मुलाच्या हातावर उगाच थोडा जास्त वेळ राहिला.

तन्मयनं बापाकडे बघितलं. बाप नारळाच्या शेंडीकडे बघत होता.

हे शोभनानं बघितलं. पण जिंकलेल्या माणसाला वही उघडायची आठवण राहत नाही.

*

जेवताना उपेंद्र सर्वांत आनंदात होता. "सुट्टी संपली की पहिलं काम, तन्मयला नोटरीकडे नेतो," तो बिर्याणी वाढून घेत म्हणाला. "लायसन्सवर पार्टनर म्हणून नाव चढवून टाकू. एकदा नाव चढलं की खलास, मग दहा वर्षं हलायचं नाव नको."

"यल्ला, श्रीखंड घ्या," उर्मिला म्हणाली.

तन्मयनं श्रीखंड खाल्लं आणि खारट आहे असं तो म्हणाला नाही. लहानपणापासून ज्या मुलानं आमटीत मीठ चिमूटभर जास्त झालं तर ताट सरकवलं, तो वाटी पुसून स्वच्छ करत होता. मग शाल घडी घालून उठला आणि बाहेर गेला. अनन्या जेवायला आलीच नव्हती. शोभना ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेली तेव्हा ती सिंकपाशी उभी होती.

"कॉन्ग्रॅट्स, काकू."

"चिडलीस?"

"हो."

सरळ उत्तराची शोभनाला सवय नव्हती. "तुझ्या भल्याचंच आहे गं. मस्कतचा मुलगा—"

"मला माहितीये मस्कतचं. मम्मी फोनवर बोलते तेव्हा अख्ख्या व्हिलाला ऐकू येतं." अनन्यानं नळ बंद केला. "माझं जाऊ दे. आय विल फाइंड समथिंग. तू तन्मयला विचारलंस का?"

"काय विचारायचं त्यात? सहा वर्षं राबलाय."

"म्हणजे नाही विचारलंस."

"माझ्या मुलाचं मला कळत नाही?"

"काकू," अनन्या हात पुसत म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात राग कमी होता, त्यामुळे ते जास्त लागलं. "जस्ट गो अँड आस्क हिम."

तन्मय बाहेर छपराखाली लावलेल्या गाडीत बसला होता. एसी चालू, काचा वर. शाल मागच्या सीटवर. शोभना दार उघडून पुढे, रोज राजन बसायचा त्या जागेवर बसली.

"काय रे, गरम होतंय का आत?"

"आई, मला जॉब मिळालाय."

"आत्ताच तर मिळाला."

"तो नाही. मेट्रोत. कंट्रोल रूमला. ट्रेनी म्हणून घेतायत."

"मेट्रोला ड्रायव्हर नाही म्हणतात ना?"

"म्हणून तर कंट्रोल रूम लागते."

"आणि तू शुक्रवारी मेट्रोत जायचास ते..."

"गाड्या बघायला. आधी नुसत्या बघायला. मग इंटरव्ह्यू होता."

"मला वाटलं, मुलगी आहे."

तन्मय त्या दिवसात पहिल्यांदा हसला. "मुलगी असती तर पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं. हे सांगणं अवघड होतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. जुन्या मालकाचं हरकत नसल्याचं पत्र, एनओसी, लागतं. ते नसलं तर व्हिसा रद्द होऊन सहा महिने या देशात दुसरीकडे काम करायला बंदी. मेट्रोवाले सहा महिने थांबणार नाहीत, गुरुवारपर्यंत थांबतील. आणि जुना मालक म्हणजे बाबा. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी गाडीत त्यानं बाबांकडे पत्र मागितलं होतं. आठवडाभर बाबा 'इन्शाल्ला' म्हणत राहिले. मग एके दिवशी सिग्नलला गाडी थांबलेली असताना त्यांनीच योजना सांगितली.

"म्हणाले, देरा अनन्याला दिलं की मुलगा का गेला असं कोणी विचारणार नाही. सगळे म्हणतील, वगळला म्हणून गेला. नावं मला ठेवतील, तुला नाही. शाल तिच्या खांद्यावर, दुसऱ्या दिवशी पत्र तुझ्या हातात. डील झालं होतं आमचं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू सोडलं नसतंस."

इतके दिवस कागदाच्या मागे-पुढे जे नाव शोभना शोधत होती, ते नवऱ्यानं मुद्दाम, जपून, गाळलं होतं. आणि तिनं दोन सरदार फोडून, वीस मिनिटांत, पोराला पुन्हा आत ओढून दार लावलं होतं.

"मग वगळल्याचं वाईट नाही वाटलं तुला?"

"वाईट? आई, मी त्या दिवशी गाडीत गाणं म्हणत होतो." तन्मयनं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "बाबा कोबीपर्यंतच वाचतात. पुढे वाचतच नाहीत. मी वाचलं, ऑफिसात काम नसतं तेव्हा. ज्यांना वगळलं त्यांनी एकमेकांना मारून सगळं परत घेतलं, ते एक. पण दुसरंच जास्त डेंजरस आहे. पुढच्या बादशहांनी कायदे केले. पाववाल्याच्या मुलानं पाववालाच व्हायचं. माल वाहणाऱ्या गलबतवाल्याच्या मुलानं गलबतच चालवायचं. नगरपालिकेत बसणाऱ्याच्या मुलानं नगरपालिकेत बसायचं, नको असलं तरी. पळाला की पकडून आणायचे. माणसं सैन्यात पळायची, देवळात पळायची. सुटका हवी तर बादशहाचं पत्र लागायचं."

"आपल्याकडे बलुतेदारी होती, तसंच की."

"तसंच. आणि खासनीस ब्रदर्समध्ये पण."

मुलानं विनोद केला होता, पण तो बापासारखा हसण्यावारी न्यायचा नव्हता.

"नोकरी गेल्याशिवाय नोकरी सोडणारा तू एकटाच दिसतोयस यंदा," शोभना म्हणाली. "चल."

"कुठे?"

"ती शाल घे."

*

हॉलमध्ये चहा झाला होता. राजन सोफ्यावर सैलावून बसला होता, बऱ्याच महिन्यांनी इतका सैल. उपेंद्र नोटरीची वेळ घ्यायला कुणाला तरी फोन लावत होता.

"भाऊजी, फोन ठेवा," शोभना म्हणाली. "माझं चुकलं."

उपेंद्रनं फोन ठेवला. पंचवीस वर्षांत हे वाक्य या घरात या आवाजात कोणी ऐकलं नव्हतं.

"तन्मयला देरा नकोय. त्याला दुसरीकडे नोकरी लागलीय, मेट्रोत. मी त्याला न विचारता तुम्हा सगळ्यांना कामाला लावलं."

"वहिनी, हे काय?" उर्मिलेचा कप बशीवर वाजला. "आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. तू तुझा शब्द पाळलास, उर्मिला. मी मोडतेय."

"आणि मस्कत?"

"प्लीज, मस्कत राहू दे," अनन्या दारातून म्हणाली.

"मग मी उतरायचं की नाही?" उपेंद्रला आपली काळजी.

"तुम्ही राहा. ते मी कबूल केलंय." शोभना अनन्याकडे वळली. "तुला बसायचंय देराला?"

"येस."

"मग बस. आईची समजूत तू काढ, मला ती आता महिनाभर जवळ करणार नाही."

"दोन महिने," उर्मिला म्हणाली, आणि कप गोळा करून आत गेली. आत भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा येत राहिला.

तन्मयनं शाल राजनच्या शेजारी सोफ्यावर ठेवली.

"बाबा, आपलं ठरलं होतं."

"मी विसरलो नव्हतो," राजन म्हणाला. त्यानं चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "तुझ्या आईनं तुझं नाव घेतलं ना, मला इतका आनंद झाला. मला तो शब्द मोडायचाच होता रे. महिनाभर वाट बघत होतो, कोणीतरी मोडायला लावेल म्हणून."

शोभना त्याच्याजवळ जाऊन बसली. रागवायला आली होती, पण ज्या चुकीत आपला निम्मा वाटा आहे तिच्यावर रागवायचं कसं, ते तिला जमेना.

"अहो, पत्र द्या त्याला."

"देतो. रविवारी ऑफिसात गेलो की—"

"आत्ता."

"लेटरहेड पाहिजे."

"कॉम्प्युटरवर आहे," अनन्या म्हणाली. ती लॅपटॉप घेऊन आली होतीच.

"शिक्का देराला आहे, कपाटात."

"चावी द्या, काका. शिक्का रविवारी मी मारेन."

राजननं खिशातून जुडगा काढला. कपाटाची चावी काढायला नख लागेना, तेव्हा ती तन्मयनं काढली आणि बहिणीच्या हातात दिली. अनन्या टाइप करू लागली. पत्राचा मसुदा ठरलेलाच असतो. नाव, पासपोर्टचा नंबर, अमुक तारखेपासून आमच्याकडे नोकरीला, आमची काही हरकत नाही. मध्येच ती थांबली.

"सोडण्याचं कारण काय लिहू?"

टीव्हीवर लाल आकडे पळत होते.

"लिही, मंदीमुळे कपात," राजन म्हणाला. "सगळीकडे तेच लिहितात सध्या. कोणी काही विचारणार नाही."

"नो," तन्मय म्हणाला. "मला काढलेलं नाही. मी जातोय."

"अरे, पण लोक म्हणतील, बापाला अशा वेळी—"

"म्हणू देत ना, बाबा."

"काका, काय टाइप करू?" अनन्यानं विचारलं.

राजननं बायकोकडे बघितलं. शोभनाच्या डोक्यातली वही आपोआप उघडली आणि मागे मागे गेली. राजन चौऱ्याऐंशीत इथे आला, कारण पिंपरीतली कंपनी बंद पडली होती. उपेंद्र आला, कारण दादानं व्हिसा पाठवला. उर्मिला आली, कारण उपेंद्र इथे होता. ती स्वतः आली तेव्हा पुण्यातल्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवत होती, मुलांच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, कडेवर तीन वर्षांचा तन्मय होता, आणि यायचं का, असं तिला कोणी विचारलं नव्हतं. पानांमागून पानं गेली. हे कारण कुणाच्याच नावापुढे नव्हतं.

"स्वतःच्या इच्छेने, असं लिही," ती म्हणाली. "इंग्रजीत कसं लिहितात ते तुला माहीत."

अनन्यानं लिहिलं. आतल्या खोलीत प्रिंटर खडखडला. राजननं चष्मा लावून कागद दोनदा वाचला. त्या ओळीपाशी थांबला, पुढे गेला, पुन्हा मागे आला. मग सही केली, बिलांवर करायचा तशी अर्धी फरफटलेली नव्हे. पूर्ण नाव, शेवटच्या अक्षराखाली रेघ.

तन्मय कागदाची घडी घालू लागला.

"थांब," शोभना म्हणाली. "आधी झेरॉक्स काढ."

"त्यांना ओरिजिनलच लागतं, आई."

"त्यांना नाही. मला हवीय."